पाटील नसलेल्या वाडीत वळू आणायला

फसली १३४५, माघ वद्य द्वितीया, बुधवार. सकाळी मारुतीच्या पारावर सव्वाशे रुपये हाली, म्हणजे निजामी शिक्क्याचे, माझ्या हाती देण्यात आले. हजर होते ते असे: पाटील, कुलकर्णी, बसप्पा वाणी, मारुतीचे गुरव आणि मी. आमच्या गावचा वळू पोळ्यानंतर पान लागून, म्हणजे साप डसून, मेला होता आणि गाई फळायच्या राहत होत्या. कोहिनूर गावाच्या अंगाला एका वाडीत चांगल्या रक्ताचा वळू आहे आणि वाडीवाले तो देतील, अशी पक्की बातमी आली होती. त्या वळूला तिथे सहा वर्षे झाली होती आणि त्याच्याच कालवडी आता दावणीला आल्या होत्या. अशा वेळी शहाणे गाव वळू बदलते. वर्गणी सगळ्या गावाने दिली. कुठून आणायचा, कितीला आणायचा, कोणी जायचे, हे आम्ही पाच जणांनी ठरवले. आमच्याकडे रीत अशीच आहे आणि तोवर मला तिच्यात काही खोट दिसली नव्हती.

देवस्थानचे धान्य मोजण्याचे काम पंधरा वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून मला पाठवले. जनावराची पारख मला बेताचीच आहे, हे मी पारावरच सांगून टाकले होते.

बरोबर माझे मेहुणे माधवराव निघाले. ते उदगीरला वकिली करतात, पुण्याची वर्तमानपत्रे मागवतात आणि दारे लावून घेऊन जबाबदार राज्यपद्धतीवर बोलतात. त्या वाडीच्या पाटीलकीवरून दोघे चुलतभाऊ कोर्टात भांडत होते. निकाल लागेना आणि दोघांपैकी कोणी हैदराबाद सोडून गावी येईना. वाडीला दहा-बारा वर्षे पाटीलच नाही, हे कळल्यावर माधवरावांना राहवेना. त्यांना अराजक डोळ्यांनी पाहायचे होते. राजा आणि पाटील नकोत हे खरे, पण त्यांच्या जागी मतमोजणी पाहिजे, नाहीतर माणसे एकमेकांना खातात, असे त्यांचे मत होते. मी म्हटले, मला वळू पाहिजे, बाकी तुमचे तुम्ही पाहा.

उदगीरहून भालकीपर्यंत आगगाडी आहे, पण येताना वळूचे तिकीट कोण काढणार? म्हणून आम्ही बैलगाडीने गेलो.

मांजरा

माघात मांजरेला पाणी घोट्याच्या वर नसते, असे ऐकून होतो. पाणी तेवढेच होते, पण खालची वाळू कोणी मोजली नव्हती. मध्यावर डावे चाक आसापर्यंत रुतले. माधवराव जोडे हातात घेऊन खाली उतरले, त्यांचा पाय सटकला आणि एक जोडा वाहत गेला. तो धरायला ते चार पावले धावले तेव्हा धोतर भिजले, आणि जोडा गेला तो गेलाच. काठावर वाफे घातलेल्या एका माळ्याने आमची गाडी काढून दिली. नुकत्या धरलेल्या कोवळ्या काकड्या मिठाशी दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. वकीलसाहेबांना असे धावताना पाहिले त्यातच पैसे वसूल झाले, असे तो म्हणाला. माधवराव हसले. त्यांचा हा गुण मला आवडतो.

हुलसूर

गुरुवारी संध्याकाळी हुलसूरला नागप्पा अण्णांकडे उतरलो. हे कापडाचे व्यापारी, दरसाल आमच्या बाजूला येतात. त्यांच्या घरी एका पंगतीत तीन भाषा वाढतात. अण्णा बायकोशी कानडीत बोलत, आमच्याशी मराठीत आणि दारात आलेल्या तेल्याशी दखनीत. आणि तिन्हींत घासाघीस सारखीच करत. भाकरी पापडाइतकी पातळ आणि कडक होती. आमच्याकडे अशी भाकरी झाली तर सुनेला बोल लागेल. इथे ती आठ दिवस टिकते म्हणून तिचे कौतुक. बरोबर पुंडीची आंबट भाजी होती, म्हणजे आपली अंबाडी, वरून लसणाची फोडणी. मी पाच भाकरी खाल्ल्या. घरी तीन खातो.

आम्ही कुठे निघालो ते ऐकून अण्णा हसू लागले.

“त्या वाडीला जायलाव व्हय? मग चार दिवसांची शिदोरी घ्या.”

“दीड दिवसाचं काम आहे,” मी म्हटले.

“काम दीड दिवसाचंच हाय. तिथं एकाला इचारून काय व्हत न्हाई. आन् समद्यांला इचारायचं म्हणलं की एक जण शेतात असतोय.”

वाडी

वाडीचे नाव मी लिहीत नाही. लिहू नका, असे त्यांनीच सांगितले. तहसिलीत सारा वेळेवर पोचतो, म्हणून पाटील कुठे आहे हे तिथे कोणी फार विचारत नाही. ते तसेच राहिलेले त्यांना बरे.

शुक्रवारी दुपारी पोचलो. वेशीत एक पन्नाशीचा, पाठीला थोडा बाक आलेला माणूस काठी घेऊन उभा होता. हे इमामसाब पिंजारी. कापूस पिंजायचा त्यांचा धंदा. हातातली काठी त्या आठवड्याची होती. तिथली रीत अशी की काठी घरोघर फिरते. आठ दिवस एका दारी, सोमवारी पुढच्या दारी. ज्याच्या दारी काठी त्याने आल्यागेल्याचे पाहायचे, राखणीची पाळी लावायची, साऱ्याची वेळ असली तर सारा तहसिलीत पोचवायचा. पण काठीवाल्याने कोणाला ‘कर’ म्हणायचे नाही. ‘करता का?’ एवढेच विचारायचे. चुकून हुकूम तोंडातून गेला तर त्याने गावाला गुळाचा चहा पाजायचा.

हे आम्हाला ठाऊक नव्हते. इमामसाब म्हणाले, “गाडी सोडता का? सावलीत बसता का? पानी पिता का?” आम्ही आलो ते यांना आवडलेले नाही, असे माधवरावांना वाटले. ते कुजबुजले, “दाजी, हा इतका का विचारतोय? पाणी द्यायचं तर द्यावं.” पुढे रीत कळल्यावर त्यांनी मुद्दाम संध्याकाळभर इमामसाबच्या तोंडून हुकूम काढायचा खटाटोप केला. पेटत्या शेकोटीत उपरण्याचे टोक गेले तेव्हा इमामसाब शांतपणे म्हणाले, “वकीलसाब, उपरनं जळायलंय. काढता का?”

माधवरावांचे अराजक मी नीट पाहून घेतले. विहिरीवरचा दोर वेटोळे करून खुंटीला टांगलेला होता. पाण्याला जात पाहून पाळी लावायची नाही, घागर पाहून लावायची. हे आमच्याकडे नाही. एका परसात मिरच्या वाळत होत्या, राखण नव्हती. भांडण दिसले ते एकच, दोन जावांचे, कोंबडीवरून, आणि ते आमच्याही गावी तितकेच जोरात झाले असते.

वळू पाहिला. अंग दुधासारखे, तोंड काळे, गळ्याची पोळी भरलेली, चालीत घाई नाही. गावात तो मोकळाच फिरतो आणि वाटेल त्या दारी उभा राहतो. सव्वाशे त्याला कमीच होते. पण लोकांनी लगेच मान डोलावली, कारण त्यांनाही वळू बदलायचाच होता. मी मनात उद्या निघायचा हिशेब केला.

मग इमामसाबनी उरलेले सांगितले. वळू, विहीर, खळे, गावठाण ही कोणा एकाची नाहीत. त्यांचे काही करायचे तर प्रत्येक घराने हो म्हटले पाहिजे. वळूच्या बाबतीत घराने आपल्या हाताने त्याला भाकरी घालायची, हाच होकार. एका घराने घातली नाही, तर वळू जात नाही. आणि का घातली नाही, हे विचारायचे नाही.

“विचारायचंही नाही?” माधवराव म्हणाले.

“इचारलं तर त्याला कारन द्यावं लागतंय. कारन दिलं की तुमी त्ये खोडून काढनार. तुमचा धंदाच हाय तो,” इमामसाब म्हणाले. “त्याचं न्हाई त्याच्यापाशी ऱ्हाऊ द्यावं.”

भाकरीचा दिवस

शनिवारी उन्हे वर आल्यावर वळूला मारुतीपुढे आणले. घरे एकेचाळीस. प्रत्येक घरातून कोणी म्हातारा, कोणी कारभारी भाकरी घेऊन आला. वळू खात होता, बायका त्याच्या कपाळाला हात लावत होत्या, एकीने डोळे पुसले. मी उभा राहून मोजत होतो. शेवटची, एकेचाळिसावी भाकरी शिवराम नावाच्या तिशीतल्या माणसाने घातली. हा भला माणूस. आमच्या बैलांना कडबा त्यानेच दिला होता. मी कनवटीला हात घातला.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. उंच, काटक, कपाळ मोकळे, हातात भाकरी. ही शिवरामची आई गंगूबाई. गाव तिला अक्का म्हणते. त्यांच्या घराण्याने मेंढरे सोडून शेती धरली त्याला दोन पिढ्या झाल्या, पण तिच्या चालण्यात अजून कळपामागची ढांग होती.

एक जण म्हणाला, “अक्का, तुमच्या घरची भाकरी झाली की आत्ता.”

“ती त्याच्या घरची,” ती लेकाकडे बोट करून म्हणाली. “ही माझ्या घरची.”

हळूहळू मला कळले ते असे. दिवाळीनंतर अक्का लेकाच्या घरातून बाहेर पडली. लेकाचे घर आणि इमामसाबची भिंत यांच्यामध्ये तिने छप्पर घातले आणि वेगळी चूल मांडली. छळ नव्हता, उपास नव्हता. तिला तिखट लागते आणि सून अळणी करते. तिला पहाटे दळायचे असते आणि घर तेव्हा झोपते. लग्नात मिळालेल्या गाईच्या वेताची एक गाय आणि तिचा अडीच वर्षांचा गोऱ्हा तिने बरोबर नेला. तिची चूल गावाने मोजली, तर ती वेगळे घर. मग गाय, गोऱ्हा तिचा, काठीची पाळी तिची आणि न्हाई म्हणायचा हक्कही तिचा. मोजली नाही, तर हे सगळे शिवरामचे. तीन महिने गावाने ते न मोजताच ठेवले होते. अक्काचा कोणाला राग नव्हता, पण लेकाने आईला वेगळे टाकले असे कोणी म्हणू नये, म्हणून शिवरामसाठी गाव आंधळे झाले होते.

वळूने मान लांब केली. तिने भाकरीचा हात मागे घेतला.

“धरायची असंल तर घालते. न्हाईतर फुकट कामून घालू?”

आणि इथे मी चूक केली. मी म्हटले, “एकेचाळीस झाल्या. एकीने काय फरक पडतो?”

कोणी रागावले नाही. सगळे माझ्याकडे पाहू लागले, पायलीला एक शेर कमी भरला तरी चालेल असे म्हणणाऱ्या मापाऱ्याकडे पाहावे तसे. माझी मान खाली गेली. एकीने फरक पडत नसेल, तर एकेचाळिसांपैकी कोणाचाच पडत नाही. एवढा हिशेब मला यायला हवा होता.

माधवराव मात्र खुलले. ही त्यांची वेळ होती. ते पारावर चढले, एकच जोडा उरल्याने अनवाणी, आणि मत म्हणजे काय ते त्यांनी छान सांगितले. राजाचा हुकूम नको, एका म्हातारीचा हट्टही नको. अक्काची चूल मोजायची की नाही यावर हात वर करा, जिकडे जास्त तिकडे निकाल. साऱ्या जगात आता असेच चालते. लोकांना ते आवडले. दोघातिघांनी हात वर करूनही पाहिले, कसे वाटते म्हणून.

इमामसाबनी विचारले, “वकीलसाब, एक बात इचारू का? हात वर करायच्या टायमाला अक्काचा हात धरायचा का न्हाई?”

माधवराव म्हणाले, “तेच तर ठरवायचं आहे.”

“हौ. मंग त्ये ठरवायला धरायचा का न्हाई?”

माधवरावांनी तंबाखूची चंची मागितली. लोक इतके हसले की वळू बुजला. अक्काही हसली, पदराआड. हसता हसता सभा मोडली आणि सगळे खाली मळ्यात हुरड्याला गेले, कारण हुरडा थांबत नाही. शिवराम तेवढा आला नाही.

हुरडा कोवळा, तोंडात दूध येणारा. बरोबर कारळ्याची चटणी, गूळ आणि मडक्यातले ताक. माधवराव आगटीशी बसून खालच्या आवाजात म्हणाले, “दाजी, मला वाटलं होतं राजा काढला की मोजणी येते आणि प्रश्न मिटतो. पण मोजायचं कुणाला, हे मोजून ठरत नाही.” मी त्यांना आणखी एक कणीस चोळून दिले. हुरडा गरम होता.

रविवार

सकाळी मी अक्काच्या छपरात गेलो. घाई करा, असे सांगायला गेलो होतो, पण ते विचारणेच झाले असते, म्हणून नुसता बसलो. तिने न विचारता धपाटे दिले, इतके तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आले. सुनेची बाजू मला पटली. गोऱ्हा खुंट्याला होता. बापासारखाच, काळे तोंड, पण अजून नजर कोवळी.

मी म्हटले, “लेक वाईट नाही तुमचा.”

“वाईट कोन म्हणलं? लई गुनाचा हाय. रोज येऊन म्हनतो, माय, घरी चल.” ती परातीत पीठ मळत होती. “तेला वाटतंय तेनं टाकलं मला. मी म्हनते, तू टाकायला मी गाठोडं हाय का? मीच निघाले. निघायचं त्येबी माझं ऱ्हाऊ देत न्हाईत.”

बाहेर शिवराम भेटला. मळ्यापर्यंत आम्ही बरोबर चाललो. तो आईबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही. बाप लवकर गेला, हिने ओझी वाहून जमीन राखली, आता चार दिवस सुखाचे आले तर ही छपरात राहते. बाजारात गेलो की लोक विचारतात, कामून रे शिवराम? गोऱ्ह्याचा त्याला लोभ नव्हता. “गावानं तिचं घर धरलं की झालं, मग ती परत येत न्हाई,” तो म्हणाला आणि ज्वारीचे ताट उगीच मोडत राहिला.

माझी अडचण त्याच्यापुढे लहान दिसू लागली, पण ती होतीच. कडबा संपत आला होता आणि गावी पाच जण वाट पाहत होते.

सोमवार

या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत, त्यांना विसावा देतात. आमच्याकडे ही रीत नाही; असती तर बरे, असे मला बैलांकडे पाहून वाटले. त्यामुळे सगळे गाव घरीच होते आणि काठी बदलायची वेळही तीच.

इमामसाबच्या आठ दिवसांत काही ठरले नव्हते. कोणी सभा बोलावली नाही, कोणी हात वर केला नाही. ऊन अंगणात उतरल्यावर इमामसाब काठी घेऊन दारातून निघाले. पुढचे दार दरवेळी शिवरामचे असायचे. ते भिंतीला लागून चालत गेले, मधल्या छपरापाशी थांबले आणि काठी अक्काच्या दाराला टेकवून ठेवली. मग हात झटकून उभे राहिले.

कोणीतरी म्हणाले, “इमामसाब, ह्ये कोनी ठरवलं?”

“कोनी न्हाई. माझा बाप इथं आला तवा कोनी ठरवलं व्हतं? चूल पेटवली, धूर निघाला. धूर दिसला तिथं काठी ठेवली मी. कोनाचं नक्को असंल तर उचला.”

कोणा एकाचे नक्को पुरे होते. सगळ्यांची नजर शिवरामकडे गेली. पाळी त्याची चुकली होती, घर त्याचे फुटत होते, आणि त्याने एक शब्द उच्चारला असता तर कोणी कारण विचारले नसते. तो आपल्या ओट्यावर उभा होता. बायको दारामागे. माझा वळू त्या शब्दावर होता, पण खरे सांगतो, त्या क्षणी मला वळू आठवत नव्हता.

शिवराम खाली उतरला. छपरापाशी गेला, काठीला हात लावला नाही. वाकून आत पाहून म्हणाला, “माय, काठी आलीय. घेतीस का?”

अक्का बाहेर आली. पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि काठी घेतली. मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवला, त्याच्या मिशीला पीठ लागले. कोणीतरी हलगी आणली. हलगी का वाजवायची हे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी वाजली. माधवराव नाचले. मी वर्षातून एकदा हसतो असे माझी बायको म्हणते. त्या वर्षाचे हसणे मी तिथे खर्च केले.

अक्काने काठीवाली म्हणून पहिले काम माझे धरले. घरोघर जाऊन विचारले, “भाकरी आनता का?” वळू पुन्हा मारुतीपुढे आला. एकेचाळीस घरांनी पुन्हा भाकरी घातली. बेचाळिसावी तिची. ती त्याच्यापुढे उभी राहिली, त्याच्या काळ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले. मग पायरीवर बसली, भाकरी मोडली, चटणी लावली आणि स्वतःच खाऊ लागली.

मला आधी उमजेना. माधवरावांना उमजले. ते म्हणाले, “दाजी, तिनं न्हाई म्हटलं.”

गाव एक क्षण थक्क झाले आणि मग हसत सुटले. म्हातारे मांड्या थोपटू लागले. शिवराम तर डोळे पुसत हसत होता. सहा वर्षांनी बदलायचा वळू राहिला, गावाच्या हाती येणारे सव्वाशे रुपये गेले, आणि सगळ्यांना आनंद झाला होता. मला झाला नव्हता. मी गावाच्या पैशाने सहा दिवस फिरलो होतो. ती मोजली जावी म्हणून माझा जीव खालीवर झाला होता, आणि मोजली गेल्यावर तिने पहिला घाव माझ्यावर घातला. कुठेतरी मी धरून चाललो होतो की तिला न्याय मिळाला की मला वळू मिळेल. तसे कोणी कबूल केले नव्हते. हो म्हणण्यापुरतेच तिचे घर धरायचे असते, तर शनिवारीच तिच्या हातून भाकरी घालून घेता आली असती.

कारण मी विचारले नाही. अजून मला ठाऊक नाही.

तासाभराने राग उतरला. मग मला हिशेब सुचला. गोऱ्हा त्याच वळूचा. आमच्या गावी त्याची बहीण नाही, कालवड नाही. येत्या पावसाळ्यापर्यंत तो तयार होतो. मी अक्काच्या छपरात गेलो आणि गोऱ्हा देता का, असे विचारले. हा गावाचा नव्हता. भाकऱ्या गोळा करायच्या नव्हत्या, पाच जणांना विचारायचे नव्हते.

ती म्हणाली, “शंभर.”

मी म्हणालो, “ऐंशी. अजून कोवळा आहे.”

“कोवळा हाय म्हनूनच शंभर. म्हातारा पायजे असंल तर त्यो देत न्हाई, बघितलंस न्हवं?”

माधवराव दारात हसू दाबत उभे होते. तिने हे सगळे मुद्दामच केले, असे त्यांनी नंतर गाडीत म्हटले. मला तसे वाटत नाही. वाटले तरी विचारायची सोय नव्हती.

व्यवहार असा झाला. माघ वद्य सप्तमी, सोमवार. हजर: इमामसाब पिंजारी, माधवराव, शिवराम आणि मी. नव्वद रुपये हाली. मी सवयीने रुपये कारभारी पुरुष म्हणून शिवरामपुढे धरले. त्याने हात पाठीमागे बांधले. मग नव्वद रुपये गंगूबाई यांच्या हातात दिले. त्यांनी एकेक रुपया दगडावर वाजवून घेतला, एक बद्द वाजला तो परत केला आणि मी तो बदलून दिला. माधवरावांनी गंगूबाईंच्या नावे पावती लिहिली. उरलेले पस्तीस गावी आणून पारावर परत केले. पावती पाहून पाटलांनी विचारले की बाईचे नाव का, घरचा माणूस कोण? मी सांगितले, घर तिचेच आहे, पैसे तिलाच पोचले.